कपाटांतील गर्दी

मराठींत ‘जुनेर’ असा एक शब्द आहे. शहरांत वाढलेल्या तरुण पिढीच्या कानांवर तो क्वचितच पडला असेल. नेसून नेसून मऊ झालेलें, रंगानें विटलेलें, परंतु अद्याप कामास येण्यासारखें लुगडें किंवा धोतर म्हणजे जुनेर. या शब्दांत तुच्छता नाहीं. माणसाला जसें वार्धक्य, तशी वस्त्राच्या आयुष्यांतली ती एक अवस्था होय. आणि त्या अवस्थेंतील वस्त्रालाहि घरांत काम असे. नऊवारी लुगडें मधोमध विरलें कीं विरलेला भाग कापून काढीत, उरलेले दोन तुकडे जोडून त्यास दंड घालीत, आणि तें आणखी वर्षभर नेसावयास काढीत. पुढें त्याचींच तान्ह्या मुलाचीं दुपटीं होत, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला टोचते. दुपटीं जीर्ण झालीं म्हणजे गोधडींत जात. गोधडी फाटली कीं तिचीं पोतेरीं होत. वस्त्र घरांत शिरे तें एका दारानें, आणि पुष्कळ वर्षांनीं दुसऱ्या दारानें बाहेर पडे.

आज घरोघरचीं कपाटें भरून वाहत आहेत. दार उघडलें कीं घड्या अंगावर कोसळतात, आणि तरीहि लग्नकार्याला निघतांना ‘घालावयास कांहीं नाहीं’ ही तक्रार असतेच. याचा सगळा दोष लोक खरेदीच्या हौसेवर टाकतात. तो अर्धाच न्याय झाला. आंत येण्याच्या दारांत गर्दी वाढली हें खरें. परंतु बाहेर जाण्याचें दार जवळजवळ बंद झालें आहे, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं.

तें बंद कसें झालें हें पाहण्यासारखें आहे. पॉलिएस्टर हें खनिज तेलापासून बनविलेलें सूत. त्याचा कुडता दहा वर्षांनींहि बराचसा आहे तसाच दिसतो. तो विरत नाहीं, म्हणून टाकवत नाहीं. आणि पाणी शोषीत नाहीं, म्हणून त्यानें स्वयंपाकघरांतला ओटाहि पुसतां येत नाहीं. सुती लुगडें म्हातारें होत असे. हें कापड म्हातारें होतच नाहीं. धुतांना मात्र त्याचे अतिसूक्ष्म तंतु सुटतात आणि पाण्याबरोबर नदीसमुद्रापर्यंत जातात. शिवणाचाहि यांत हात आहे. लुगड्याला माप नसतें. सासूचें सुनेला होतें, आत्याचें भाचीला होतें. शिवलेला कपडा एकाच देहाचा. तो देह रुंदावला कीं ‘पुन्हां बारीक झाल्यावर होईल’ या आशेवर कपडा खालच्या कप्प्यांत जातो. ही आशा फार चिवट असते.

परंतु सर्वांत मोठा फरक पडला तो बोहारणीच्या जाण्यानें. दुपारीं पुरुषमंडळी कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांत तिची हांक ऐकूं येई. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचें बोचकें. मुंबईंत या बायका पुष्कळदां गुजराथेंतून आलेल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजाच्या असत. ती विजार उजेडाकडे धरी, गुडघे आणि बैठक पाही, सदऱ्याची कॉलर उलटी करी. इकडे गृहिणी पातेलें बोटांनीं वाजवून पाही. ‘ताई, एवढ्यांत हें पातेलं नाहीं बसत, आणखी एक पँट टाका.’ ‘पँट टाकीन, पण झांकण दे.’ अशी घासाघीस अर्धा तास चाले आणि दोघींनाहि आपणच जिंकलों असें वाटे. तिनें नेलेले कपडे दुरुस्त होऊन, धुऊन, इस्त्री होऊन बाजारांत पुन्हां उभे राहत, आणि ज्यांना नवें परवडत नाहीं त्यांच्या अंगावर जात. जरीचीं लुगडीं निराळीं. ‘जुनी जर’ घेणारा निराळा येई, कारण खऱ्या जरींत चांदी असते व ती जाळून काढतां येते. आतां मोठमोठ्या इमारतींच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांस प्रवेश नाहीं’ अशी पाटी असते. कपड्यांचीं बोचकीं वर राहिलीं आणि बोहारीण खालीं राहिली. जुन्या वस्त्यांत ती अजून दिसते. जिच्या दारीं ती येत असेल त्या बाईनें तिला दुरूनच वाटेला लावूं नये.

‘गरिबांना देऊन टाकूं’ हा एक सोपा तोडगा लोकांच्या तोंडीं असतो. तो वाटतो तितका सोपा नाहीं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले होते. पाठविणाऱ्यांच्या मनांत दया होती. पण घेणारीं माणसें कोण, त्यांचा पोशाख कसा, हा विचार नव्हता. दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था १९९९ पासून जुने कपडे गोळा करते, निवडते, दुरुस्त करते आणि खेड्यांतील लोकांना त्यांनीं केलेल्या गांवकामाचा मोबदला म्हणून देते. मऊ सुती कापडापासून ती स्त्रियांच्या मासिक पाळीसाठीं पट्ट्या तयार करते. म्हणजे जुनेराचें जुनें शहाणपणच तेथें नव्यानें कामास लागलें आहे. कपडा द्यावयाचा तर धुऊन, बटणें लावून, नाडी ओवून द्यावा. ज्याला नाडी नाहीं तो लेंगा दान करणें ही अडगळ दुसऱ्याच्या घरीं लोटण्याची युक्ति होय.

आतां आंत येण्याच्या दाराविषयीं. युद्धकाळीं, १९४३ मध्यें, सरकारला कापडावर नियंत्रण बसवावें लागलें, इतकें तें दुर्मिळ झालें होतें. आणि त्या वेळीं मुंबई ही तर कापडगिरण्यांची नगरी होती. १८५४ मध्यें कावसजी दावर यांनीं कंपनी स्थापून त्या धंद्याचा पाया घातला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत आतां कापड विणलें जात नाहीं, विकलें जातें. जें शहर कापड काढीत होतें त्याच्या घरांत तें बेताचें होतें, आणि जें आतां काढीत नाहीं त्याच्या घरांत तें मावत नाहीं!

खरेदीला निमित्त लागतें, आणि निमित्तें वाढलीं आहेत. संक्रांतीची काळी चंद्रकळा जुनीच. ती वर्षानुवर्षें एकच चाले. नवरात्राचे नऊ रंग मात्र कोणत्याहि पुराणांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहींत. वर्तमानपत्रांतून एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ही प्रथा पसरली. लोकलच्या डब्यांत साऱ्याजणी एका रंगांत पाहून मौज वाटते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण ज्या घरांत जांभळी साडी नव्हती तेथें ती एका दिवसासाठीं येते आणि मग कायमची राहते. आहेराच्या साड्या व हळदीकुंकवाचे खण यांची तर न्यारीच कथा आहे. ते नेसण्याशिवण्यासाठीं नसतातच. न उलगडतां एका ओटींतून दुसऱ्या ओटींत जातात, आणि एखादा खण दोन वर्षांनीं मूळ घरीं परत येतो.

पूर्वीं दुकानांत जावयाचें म्हणजे खटाटोप असे. बाहेर पडावें लागे, गाडी गांठावी लागे, गादीवर बसून शंभर घड्या उलगडून घ्याव्या लागत. त्या खटाटोपांत विचाराला अवकाश मिळे. आतां रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या हातांतील फोनवर बोट टेकलें कीं चार दिवसांत पुडकें दारांत येतें. नापसंत पडल्यास परत पाठवितां येतें, हें तर मोठेंच आमिष. कारण परत पाठविण्याचा आळस सर्वांनाच असतो आणि विकणाऱ्याला तो ठाऊक असतो.

पुण्यांतील एका कुटुंबाची हकीगत या संदर्भांत सांगण्यासारखी आहे. नवरा बँकेंत, बायको शिक्षिका, मुलगा दहावीच्या वर्षांत. जागा दोन खोल्यांची, कपाटें तीन. तीन फूट रुंद व दीड फूट खोल कपाट साडेचार चौरस फूट जागा घेतें, आणि दार उघडून समोर उभें राहावयास तितकीच आणखी लागते. तीन कपाटांचे झाले सत्तावीस चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतली सबंध खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे या कपाटांनीं तसल्या खोलीचा सहावा भाग व्यापला होता. मुलाला मात्र टेबल ठेवावयास जागा नव्हती. तो पलंगावर पोटावर पडून अभ्यास करी, आणि सहामाहीला गणितांत नापास झाला. दोष कपाटाचाच होता असें कोणी म्हणणार नाहीं. पण बाईच्या मनाला तें लागलें.

तिनें आरंभ केला तो एका कप्प्यापासून. सगळें कपाट एकदम पलंगावर ओतण्याची चूक पुष्कळ लोक करतात. रात्रीं निजावयाची वेळ येते आणि सगळेंच पुन्हां आंत कोंबलें जातें. तिनें दर रविवारीं एकच कप्पा घेतला. निघालेल्या कपड्यावर तिचा प्रश्न एवढाच असे: गेल्या दिवाळीपासून हा अंगावर चढला का? जपानच्या मारी कोंदो यांच्या, २०१४ मध्यें इंग्रजींत आलेल्या पुस्तकानें, वस्तु हातांत घेतली असतां आनंद होतो का हें पाहावें, असें सांगितलें आहे. मराठी गृहिणीला ही कसोटी धोक्याची आहे. तिला प्रत्येक साडी पाहून आनंद होतो. पावसाळी कोट पाहून कोणालाच होत नाहीं.

ज्यांविषयीं तिचा निश्चय होईना त्यांच्या घडींत तिनें तारखेची चिठ्ठी ठेवली. ही युक्ति उत्तम आहे. धुऊन आलेला कपडा ढिगाच्या वर ठेवला जातो आणि वरचाच पुन्हां उचलला जातो, त्यामुळें वरचे सातआठच फिरत राहतात. वर्षानें चिठ्ठी जागच्या जागीं सांपडली म्हणजे वाद उरत नाहीं. नवऱ्यानें आधीं थट्टा केली. मग त्याच्याच कप्प्यांतून आहेरांत मिळालेले, न शिवलेले एकोणीस शर्टपीस निघाले, तेव्हां तो गप्प झाला.

खरेदीसाठीं तिनें जुनी हिशेबाची वही काढली. कपडा, तारीख, किंमत, आणि पुढें तो घातल्याच्या रेघा. चार हजारांची साडी दोनदां नेसली तर एका नेसण्याचे दोन हजार पडले. सहाशेंचा सुती कुडता एकशेंवीस वेळां घातला, तर एका वेळचे पांच. स्वस्त आणि महाग या शब्दांचे अर्थ त्या वहींत उलटेपालटे झाले. फोनवर कांहीं आवडलें तर तें वहीच्या शेवटच्या पानावर लिहावयाचें आणि महिनाभर थांबावयाचें, असाहि तिनें नेम केला. महिन्यानें त्यांतल्या बहुतेक वस्तूंचीं नांवें वाचून तिला त्या आठवतहि नसत. नेम दोनदां मोडला, एकदां सवलतीच्या जाहिरातीमुळें आणि एकदां भाचीच्या लग्नामुळें. दुसऱ्याबद्दल तिला वाईट वाटलें नाहीं, आणि वाटूंहि नये. नव्या साडीची घडी मोडण्यांत जो आनंद आहे तो संसारांतून काढून टाकावा असें कोणी सुचवीत नाहीं.

तिसरें कपाट मात्र तसेंच राहिलें. तें सासूबाईंचें होतें. त्यांना जाऊन चार वर्षें झालीं होतीं, आणि आंत त्यांचीं अडतीस लुगडीं होतीं. उघडलें कीं अजून वेखंडाचा आणि त्यांच्या पेटींतल्या अत्तराचा वास येई. तें दार कोणी उघडीत नसे. मुलाचें टेबल त्याच जागेवर यावयाचें होतें, हें सर्वांना ठाऊक होतें आणि कोणी बोलत नव्हतें.

शेवटीं मे महिन्यांत नणंद माहेरीं आली, तेव्हां बाईनें किल्ली तिच्या हातांत दिली. ‘वन्सं, तुम्ही काढा. माझा हात होत नाहीं.’ दोघी दुपारभर खालीं बसल्या. पैठणी घड्यांवर चिरूं लागली होती. रेशमी वस्त्र वर्षानुवर्षें त्याच घडींत ठेवलें कीं असेंच व्हावयाचें. तीनचार महिन्यांनीं घडी बदलावी, मऊ सुती फडक्यांत गुंडाळावें, आणि डांबराची गोळी जरीला टेकूं देऊं नये. ‘वहिनी, पैठणी तुम्ही नेसा. आईनें शेवटचीं वर्षें तुमच्या हातचं खाल्लं,’ नणंद म्हणाली. तिनें स्वतः एक विटकें इरकल घेतलें, आई रोज नेसत असे तें. चार लुगडीं सासूबाईंची सेवा करणाऱ्या बाईला गेलीं. तिला तीं ओळखीचीं होतीं. सहा नात्यांतल्या सुनांनीं मागून नेलीं. जरीचीं दोन मोडलीं. बाकीच्या चोवीसांपैकीं जीं सुती होतीं त्यांच्या गोधड्या घालावयाचें ठरलें, आणि जीं नव्हतीं त्यांवर थोडा वाद झाला. तीं अद्याप एका ट्रंकेंत आहेत.

गोधडी पावसाळ्यापूर्वीं शिवावी, म्हणजे धुऊन कडकडीत वाळते. सर्वांत धड असलेलीं दोन लुगडीं खालींवर घेतात, विरलेलीं मध्यें पसरतात, चारी कडांना दोरा घालून बाहेरून आंत टांके घालीत येतात. दोन गोधड्यांना तीन आठवडे लागले. एक नणंदेनें नेली. दुसरी मुलाच्या पलंगावर आहे. पलंगाशेजारीं आतां टेबल आहे. सात लुगडीं घातल्यामुळें ती फार जड झाली आहे, आणि धुतल्यावर पिळावयास दोघें लागतात.