मॉरिशसमधील शनिवार
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली. ती आम्ही मोठ्या संकोचाने स्वीकारली. खेळाविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नाही. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, तेव्हापासून खेळाचा तास आला की आम्ही फळ्यावर गणिते मांडीत असू. पालकही त्याबद्दल आभार मानीत. वास्तविक तरुणपणी आम्ही स्वतः खो-खो आवडीने खेळत होतो. पण नोकरी लागल्यावर ते सारे पोरकट वाटू लागले.

मध्यंतरी कन्या व जावई यांच्याकडे मॉरिशसला चार महिने राहण्याचा योग आला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत मजुरीसाठी त्या बेटावर जी माणसे गेली, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांपैकी अनेकांच्या घरी आज क्रिओल बोलली जाते. मात्र गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. शेजारच्या वस्तीतील मुलांना दर शनिवारी मराठी शिकविण्याचे काम आम्ही विनावेतन अंगावर घेतले. बाराखडी पंधरा मिनिटेच टिके. पुढे सर्वांचे डोळे खिडकीबाहेर, चपला ठेवून गोल आखलेल्या फुटबॉलकडे! तिसऱ्या शनिवारी आम्ही हार मानली आणि मुलांना घेऊन बाहेर पडलो.

सुरूची दोन झाडे खांब झाली. काठीने मधली रेघ ओढली. आठ मुले एकाआड एक उलट दिशेस तोंडे करून बसविली. नियम सांगावयास क्रिओल येईना, फ्रेंच तर नाहीच. तेव्हा विजार दुमडून स्वतः धावणे आले. मधली रेघ ओलांडावयाची नाही, खांबापर्यंत गेल्यावाचून दिशा बदलावयाची नाही, बसलेल्याच्या पाठीस हात लावून मोठ्याने 'खो' म्हणावयाचे.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. तिने असा काही 'खो' दिला की फुटबॉलवाली पोरे खेळ सोडून पाहावयास आली. तिला चुकविताना आम्ही धुळीत आडवे झालो आणि पडल्यापडल्या हसत सुटलो. मुले ओरडली, "तोंतों, आंकोर!" म्हणजे, काका, पुन्हा! रात्री गुडघा सुजला. कन्येने आम्हांस लहान मुलासारखे फैलावर घेतले. पुढच्या शनिवारी पट्टी बांधून आम्ही हजर!

त्या सुजल्या गुडघ्याच्या रात्री मात्र झोप आली नाही. आमचा एक विद्यार्थी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवडला गेला होता. परीक्षेचे वर्ष म्हणून त्याचे नाव आम्हीच यादीतून कापविले. तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. पुन्हा मैदानावर कधी दिसला नाही. ते गृहस्थ आज या सभागृहात बसले आहेत आणि त्यांच्या चिरंजीवांचे नाव सत्काराच्या यादीत आहे.

मागील पटांगणात आम्ही सकाळीच दोन खांब रोवून घेतले आहेत. चहापानानंतर चिरंजीवांनी तेथे यावे. वडिलांनीही यावे, ही आमची विनंती आहे.