बालकांपुढील पडदा : पारख कोणी करावयाची?

(प्राथमिक शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

मुलाच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा विचार आपल्या घरांतून नेहमीच होत आलेला आहे. खेळणे टोकदार तर नाही, फळ नासके तर नाही, गोष्ट भिववणारी तर नाही, हे वडीलधारी माणसे आधी पाहतात आणि मगच ती वस्तू मुलापर्यंत जाते. मोबाईलवरील चित्रफितींच्या बाबतीत मात्र ही पारख बहुधा होत नाही. मूल रडू लागते, आई चुलीपाशी गुंतलेली असते, मोबाईल पुढे ठेवला जातो आणि मूल शांत होते. ते काय पाहत आहे, हे पाहण्यास कोणालाच सवड नसते. याचा दोष आईच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते न्यायाला धरून होणार नाही.

जुनी व्यवस्था आणि नवी

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले आणि सकाळच्या वेळी ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी कार्यक्रम दाखविले जाऊ लागले. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुणे येथे 'बालचित्रवाणी' सुरू झाली; २०१७ मध्ये ती बंद झाली. त्या कार्यक्रमांत उणिवा नव्हत्या असे नाही. परंतु कार्यक्रम कोणत्या वयाच्या मुलांसाठी, कोणत्या भाषेत आणि कशासाठी, हे आधी ठरत असे, आणि त्याची जबाबदारी कोणाची हेही ठाऊक असे.

२००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबची रीत निराळी आहे. तेथे चित्रफीत आधी चढविली जाते. आक्षेप आला किंवा यंत्राला दोष आढळला, तरच ती काढली जाते. दर मिनिटाला ५०० तासांहून अधिक लांबीच्या चित्रफिती येतात, असे कंपनीनेच सांगितले आहे. इतक्या साऱ्या चित्रफिती कोणी माणूस बसून पाहील, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे स्वतंत्र ॲप अमेरिकेत २०१५ मध्ये व भारतात २०१६ मध्ये आले. तथापि २०१७ मध्ये असे उघडकीस आले की, मुलांच्या आवडत्या व्यंगचित्रांतील पात्रे वापरून केलेल्या भीतिदायक व हिंसक चित्रफिती या ॲपमध्येही शिरल्या होत्या. पुढे २०१९ मध्ये, पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात, गूगल व यूट्यूब यांनी अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. जानेवारी २०२० पासून चित्रफीत मुलांसाठी आहे किंवा नाही, हे निर्मात्याने स्वतः जाहीर करावे लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. 'मुलांसाठी' ही खूण जाहिराती आणि मुलांची माहिती यांच्या नियमनाकरिता आहे. चित्रफीत चांगली असल्याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

वयाचा प्रश्न

चित्रफीत कोणती, याच्या आधी मूल केवढे, हा प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील मुलाला पडदा दाखवूच नये, एक वर्षाच्या मुलालाही त्यापासून दूर ठेवावे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात एका तासापेक्षा अधिक वेळ पाहू नये. त्याहून कमी तेवढे बरे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. दोन वर्षांखालील मुलाला परगावच्या नातलगांशी अधूनमधून चित्रसंभाषण करू देण्यापलीकडे पडदा नको, असे ती सांगते. यास कारण आहे. तान्हे मूल भाषा शिकते ती त्याच्याशी बोलणाऱ्या आणि त्याच्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. पडदा बोलतो खरा, पण उत्तर देत नाही.

पाच कसोट्या

मुलाचे वय योग्य असेल, तर एखादी वाहिनी पारखण्यासाठी पुढील पाच कसोट्या लावता येतील.

पहिली, निर्माता कोण? नाव, गाव आणि हेतू उघडपणे सांगणारी वाहिनी आणि कसलाच मागमूस न लागू देणारी वाहिनी, यांत फरक करावा.

दुसरी, गती. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना अत्यंत वेगवान व्यंगचित्रपट नऊ मिनिटे दाखविला, काहींना संथ शैक्षणिक कार्यक्रम, तर काहींना चित्रे काढू दिली. त्यानंतर लगेच दिलेल्या, लक्ष आणि संयम लागणाऱ्या कामांत पहिला गट मागे पडला. एका प्रयोगाने सारे सिद्ध होत नाही. पण क्षणाक्षणाला चित्र बदलत असेल, तर सावध व्हावे, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

तिसरी, भाषा. पात्रे पूर्ण व स्वच्छ वाक्ये बोलतात, की नुसता गोंगाट आणि किंकाळ्या आहेत? यंत्राने उलथवलेले ओबडधोबड मराठी हे मराठी नव्हे.

चौथी, विक्री. खेळण्यांची खोकी उघडून दाखविणारी चित्रफीत पुष्कळदा जाहिरातच असते. लहान मुलाला जाहिरात आणि गोष्ट यांतील भेद कळत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांसंबंधी स्वतंत्र तरतुदी आहेत, त्या याचसाठी.

पाचवी, पुढे काय लागते? एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. पहिली कोणी तरी निवडलेली असते, पाचवी यंत्राने. आपोआप पुढे जाण्याची ही सोय बंद करता येते. 'यूट्यूब किड्स'मध्ये शोध बंद ठेवणे, वेळ बांधून देणे आणि पालकांनी निवडलेल्याच वाहिन्या दिसतील अशी व्यवस्था करणेही शक्य आहे.

या साऱ्यांवर अखेरची कसोटी मुलाचीच. पाहून झाल्यावर ते गोष्ट सांगू लागते, गाणे म्हणते, मातीत खेळू लागते, की चिडते, आदळआपट करते आणि पुन्हा मोबाईलच मागते? याचे उत्तर घरातच मिळते.

गावाचे काम

ही पारख प्रत्येक आईने एकटीने करावी, असे म्हणणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे घालणे होय. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीला चित्रफिती तपासत बसणे शक्य नाही. परंतु अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांनी मिळून दहा वाहिन्या शेवटपर्यंत पाहिल्या, त्यांतील दोन-तीन चांगल्या निवडल्या आणि पालकसभेत सांगितल्या, तर साऱ्या गावाचे काम होईल. मोबाईलमधील सोयी कशा लावाव्यात, हे त्याच सभेत प्रत्यक्ष दाखविता येईल.

एखादे मूल इंग्रजी रंगांची नावे घडाघड म्हणत असेल, पण तहान लागली असता पाणी मागू शकत नसेल, तर सारा दोष मोबाईलवर टाकून स्वस्थ बसू नये. त्याला ऐकू येण्यातच अडचण असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत येते. अशा मुलाची तपासणी त्याच्याकडून अवश्य करवून घ्यावी.

कायदाही या दिशेने पावले टाकीत आहे. २०२३ च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांचा माग ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई करणारी तरतूद आहे. परंतु मुलाच्या शेजारी कायदा बसू शकत नाही. माणूस बसू शकतो. दिवसातून थोडा वेळ जरी आजी-आजोबा, थोरले भावंड किंवा शेजारची ताई मुलाजवळ बसली आणि "आता काय झाले? हा कोण?" असे विचारीत राहिली, तर तोच पडदा संभाषणाचे निमित्त होईल. आणि ज्या घरात असे संभाषण रुजेल, तेथे पडद्याची गरजही हळूहळू कमी होत जाईल.