स्तनाचा कर्करोग : वारसा जनुकाचा, नशिबाचा नव्हे



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. दवाखान्यातून रिपोर्ट आला की घरचे तो तुमच्याच हातात देतात. म्हणून आजचा विषय तुमच्यासमोर मांडते आहे.

"जन्मानंच ठरतं" हे आपल्या माणसांना शतकानुशतकं ऐकवलं गेलं. त्यामुळे एखादा आजार आनुवंशिक आहे म्हटलं की एकतर भीती वाटते, नाहीतर राग येतो. दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा. हा वारसा चालतो कसा, ते आधी पाहू.

आपल्या पेशींतल्या डीएनएची रोज मोडतोड होते आणि ती दुरुस्त करायला मदत करणारी जनुकंही आपल्यातच असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातली दोन. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं. या जनुकांच्या प्रत्येकी दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की चुका साचत जातात आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो.

धोका किती? २०१७ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, बीआरसीए-१ मध्ये असा बिघाड असलेल्या शंभरातल्या सुमारे ७२ स्त्रियांना ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असा अंदाज निघाला. बीआरसीए-२ साठी हा आकडा ६९ होता. धोका मोठा आहे, पण तो शंभरात शंभर नाही. शिवाय स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी ५ ते १० टक्केच अशा वारशाने होतात. बाकीच्या बहुतेक रुग्णांमध्ये असं एखादं जनुक सापडत नाही.

हा बिघाड वडिलांकडूनही येतो. ज्या आईत किंवा वडिलांत तो आहे, त्यांच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. तरी आपण मावशीचं विचारतो आणि आत्याला विसरतो. आत्या सासरी गेली, तिने दुखणं अंगावर काढलं, आणि घरात एवढंच उरलं की "तिच्या छातीत गाठ होती."

आता जातीकडे येऊ. पूर्व युरोपात मूळ असलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये दर ४० माणसांमागे सुमारे एकात या दोन जनुकांतला ठरावीक बिघाड सापडतो. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या समाजात लग्नं आतल्या आतच होत राहिली की पूर्वजांचे दुर्मीळ बिघाड दुर्मीळ राहत नाहीत. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सजातीय विवाहात आहे असं दाखवलं होतं. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचे जनुकीय नमुने तपासले गेले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा हा ठसा अश्केनाझींपेक्षाही ठळक निघाला. यावरून कोणी उच्च किंवा नीच ठरत नाही. लग्नाच्या नियमाने शरीरावर उमटवलेली ती खूण आहे.

तपासणीतही विषमता आहे. अमेरिकेत एका कंपनीकडे या जनुकांचं पेटंट होतं. निसर्गातलं जनुक कोणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. पण जगातली जनुकीय माहिती आजही प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. म्हणून आपल्यासारख्यांच्या रिपोर्टवर "बदल आहे, अर्थ अनिश्चित" असा शेरा जास्त वेळा येतो. अशा शेऱ्याच्या आधारावर शस्त्रक्रिया करायची नसते, हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय? आई आणि वडील, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची नोंद करा : कोणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत कर्करोग, अंडाशयाचा कर्करोग किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग, यातलं काही घरात असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे. शक्यतो जिला आजार झाला आहे, तिचीच चाचणी आधी करतात. बिघाड सापडला तर लवकर आणि नियमित तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया असे मार्ग असतात.

घरात असा इतिहास नसला तरी गाफील राहू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. सगळ्या वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंमधला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याला महागडं यंत्र लागलं नाही. अशी तपासणी आपल्या आरोग्य केंद्रात मिळावी, ही मागणी आपण करायलाच हवी.

शेवटचं. "मुलीचं लग्न जमणार नाही" म्हणून घराघरांत हा आजार लपवला जातो. लपवल्याने धोका जात नाही, फक्त बहिणींना सावध व्हायला वेळ मिळत नाही. घरी गेल्यावर आत्याबद्दल विचारा आणि जे कळेल ते लिहून ठेवा.

जय भीम.