पहिल्यासारखा कधी होशीन?



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईने माझी ओळख करून दिली. टिपेश्वर अभयारण्यातला निसर्ग मार्गदर्शक, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारा, गावातल्या पोरांना रविवारी जंगल दाखवणारा. सगळं खरं आहे. पण त्या कागदावर मी एक ओळ लिहून दिली नव्हती, ती इथे उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायची होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आजारी पडलो आणि शिक्षण सोडून घरी आलो. आजार मनाचा होता.

ही 2012 ची गोष्ट. आमची पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. डोक्यावर शैक्षणिक कर्ज. पुण्याला होस्टेलवर राहत होतो. दिवाळीनंतर झोप गेली. पुस्तक उघडलं की एकच ओळ चार-चारदा वाचायचो, कळायची नाही. पुढे जेवायला खाली उतरणंही होईना. घरी फोन केला तेव्हा मी बाबांना एवढंच म्हणालो, "बाबा, मले गमत नाही." बाबा म्हणाले, "गमंल हळूहळू. नवीन गाव आहे." त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या वऱ्हाडात हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. सासरी गेलेल्या पोरीला गमत नाही, बदली झालेल्या मास्तरला गमत नाही. त्याच शब्दाच्या पोटात कधी कधी फार मोठं दुखणं बसलेलं असतं, हे बाबांना कोण सांगणार होतं? मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मी आळशी झालो.

तीन आठवड्यांनी बाबा एसटीने आले आणि मला घेऊन गेले. गावात "डोक्यावर परिणाम झाला" असं ठरून गेलं. बाहेरचं झालं म्हणून दोन ठिकाणी नेलं. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी आईला बाजूला घेऊन यवतमाळला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे नैराश्य आहे, औषध आहे, पण गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडायचं नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही.

औषध सुरू झालं. झोप आली, जेवण जाऊ लागलं. आणि मग एक प्रश्न सुरू झाला. काका विचारायचे, शेजारी विचारायचे, मोटारसायकल थांबवून विचारायचे, "काय बाप्पा, आता पहिल्यासारखा कधी होशीन?" विचारणाऱ्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही. पण मला तो प्रश्न ऐकला की घराबाहेर पडावंसं वाटायचं नाही. कारण पहिल्यासारखा मुलगा म्हणजे पुण्याला जाणारा, पेपर देणारा, कॅम्पसमधून नोकरी घेऊन येणारा मुलगा. तो मला माझ्यात कुठेच सापडत नव्हता. आज मी तुमच्याशी याच एका प्रश्नाबद्दल बोलायला आलो आहे.

माझ्या मामाची सुन्ना गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची टपरी आहे. मामाने मला कधी काही विचारलं नाही. एका संध्याकाळी आला आणि म्हणाला, "उद्या पाचला ये. दूध तापवाचं आहे." पहिल्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला, त्याच आवाजात. चौथ्या दिवशी गेलो. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम होतं. पण ते झालं, आणि त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी एक गोष्ट पूर्ण केली होती.

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की मामाने जे केलं, त्याचीच गोव्यात शास्त्रशुद्ध परीक्षा झाली आहे. 'संगथ' ही तिथली संस्था. त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या माणसांसाठी स्थानिक, डॉक्टर नसलेले समुपदेशक तयार केले. सहा ते आठ भेटी. त्या भेटींचं सूत्र असं, की मन बरं होईल मग कामाला लागू, असं म्हणून थांबायचं नाही. आधी एखादं छोटं, झेपेल असं, पूर्वी आवडायचं असं काम हातात घ्यायचं. मन मागून येतं. 2017 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांतले 64 टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. आणि लांब कशाला, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. 30 गावांत गावातल्याच माणसांना तयार करून घरोघरी पाठवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातली जेमतेम चार माणसं मदतीपर्यंत पोचत होती. दीड वर्षात सत्तावीस पोचू लागली. मदत घेणारा माणूस दुबळा नसतो. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं.

टपरीवर सकाळी जंगलातले गाईड चहाला यायचे. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गाईडने एक दिवस मला गाडीत बसवलं. तिथे मला एक शोध लागला. मला पुस्तकाची ओळ कळत नव्हती, पण वानराचा खाकरा कळत होता. चितळाची धोक्याची हाक एकदा ऐकली की परत विसरत नव्हतो. पाणवठ्यापाशी तास-दीड तास हूं की चूं न करता बसणं, जे इतरांना जड जायचं, ते मला सोपं होतं. मग मी प्रशिक्षण घेतलं, गाईड झालो. औषध दोन वर्षं चाललं. 2016 ला पुन्हा एकदा पाय घसरला, पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, पुन्हा सावरलो. शैक्षणिक कर्ज फेडायला मला सहा वर्षं लागली. हे मी लपवणार नाही, कारण तुमच्यातल्या कोणाला असं वाटायला नको की जंगलात गेलो आणि आजार पळाला. औषधाने मला उभं केलं. चालायला लागलो ते कामाने आणि माणसांनी.

तुकोबांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, पण या अंगाने कधी ऐकली आहे का? परंपरेने जन्म 1608 चा मानला, तर 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला तेव्हा तुकोबा तुमच्याएवढेच होते, बावीस-तेवीस वर्षांचे. आईवडील गेलेले. थोरला भाऊ घर सोडून निघून गेलेला. दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. दुकानाचं दिवाळं निघालं. कुणबी, कर्जाचा व्यवहार असलेलं घर, आणि अंगणात मरण. यवतमाळच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तेव्हाही देहूत लोक म्हणालेच असतील, तुका पहिल्यासारखा दुकानावर कधी बसणार? तो बसला नाही. वाट्याला आलेली कर्जखतं त्याने इंद्रायणीत सोडली आणि तो डोंगरावर जाऊन बसला. आपण पुढचे अभंग आठवतो. मला मात्र त्याची दुसरी बायको आवली आठवते. ती संसाराला वैतागलेली होती, त्याच्यावर चिडलेली होती, आणि तरी ती भाकरी घेऊन डोंगर चढत होती. मामाचं "पाचला ये" आणि आवलीची भाकरी, मला तरी या एकाच जातीच्या गोष्टी वाटतात.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. वैशाली येडे हे नाव इथल्या प्रत्येकाने ऐकलं असेल. कळंब तालुक्यातलं राजूर. 2011 साली त्यांच्या नवऱ्याने आत्महत्या केली तेव्हा त्या अगदी तरुण होत्या, पदरात दोन लेकरं. त्यांना कुठला आजार होता असं मी म्हणत नाही. दुःख म्हणजे आजार नव्हे. पण इतक्या तरुण वयात एवढं ओझं वाट्याला आलं की मनाचं काय होतं, ते आपण आपल्या गावांत पाहतो. त्या अंगणवाडीत काम करू लागल्या. आणि मग त्या नाटकात आल्या. 'तेरवं'. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं. त्यात शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायाच उभ्या राहिल्या, स्वतःचं जगणं घेऊन. विचार करा. जिच्या घरी तेरवी झाली, जिला चारचौघांत बसायला जागा उरली नाही, ती रंगमंचावर उजेडात उभी राहते आणि समोरचे शेकडो लोक गप्प बसून तिचं ऐकतात. नाटकाच्या नावाकडेही बघा. तेराव्या दिवशी आपण पाहुण्यांना वाटेला लावतो आणि गोष्ट संपली असं समजतो. यांची गोष्ट तिथून सुरू झाली.

11 जानेवारी 2019 ला आपल्या यवतमाळमध्ये 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्याचा मोठा वाद झाला. शेवटी त्या मंचावरून संमेलनाचं उद्घाटन केलं वैशालीताईंनी. समोर सारस्वत बसलेले, आणि बोलत होती राजूरची एक शेतकरीण. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. हरल्या. मला ते हरणंही महत्त्वाचं वाटतं, कारण हरण्यासाठी आधी उभं राहावं लागतं. त्या पहिल्यासारख्या झाल्या का? पहिल्या वैशालीताईंना कोण ओळखत होतं, सांगा.

माझी एक विनंती आहे, यातून "संकट आलं म्हणून मोठा झाला" असा अर्थ काढू नका. संकट कोणालाच मोठं करत नाही. आणि आडवाटच धरली पाहिजे असंही नाही. माझ्याच होस्टेलवरचा एक मित्र असाच आजारी पडला, वर्षभर घरी राहिला, परत त्याच कॉलेजात गेला, आज तो इंजिनिअर आहे, सुखात आहे. त्याची वाट त्याला परत सापडली, मला वेगळी सापडली. दोघांनाही वेळ मिळाला, ही मुख्य गोष्ट. म्हणून मी समोरच्या प्राध्यापकांना हात जोडून सांगतो, वर्ष वाया गेलं हे शब्द मुलाला ऐकवू नका. 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले होते. एका वर्षाचा हिशेब कशाशी करायचा ते तुम्हीच ठरवा.

आमच्या टिपेश्वरच्या एका वाघाची गोष्ट सांगून मी थांबणार आहे. सी-1 त्याचं नाव, पुढे जगाने त्याला 'वॉकर' म्हटलं. इथेच जन्मला. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला. जवळजवळ दीडशे चौरस किलोमीटरचं आमचं जंगल, त्यात जागा आधीच भरलेल्या. वयात आलेल्या नराला आईच्या हद्दीत राहता येत नाही. तो तेलंगणात गेला, परत फिरला, मराठवाड्यातून, वऱ्हाडातून, बहुतेक रात्रीचा, कपाशीच्या वावरांतून, हमरस्ते ओलांडत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत 3 हजार किलोमीटरहून जास्त चालणं. सरळ रेघेत मोजलं तर टिपेश्वर ते ज्ञानगंगा हे अंतर त्याच्या कितीतरी पटीने कमी आहे. त्याच्या प्रवासाचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला लहान पोराने पेनाने गिरगटल्यासारखा वाटला. इकडे गेला, तिकडून वळला, त्याच नाल्याशी परत आला. नुसता नकाशा पाहणारा म्हणेल, हा वाघ भटकला. पण ज्याला जंगल कळतं त्याला दिसतं की प्रत्येक वळणावर पाणी होतं, सावज होतं, लपायला जागा होती. ज्ञानगंगेत त्याला वाघीण मिळाली नाही, म्हणून ही गोष्ट गोड संपली असं मी सांगणार नाही. तो चालला, आणि तो जिवंत पोचला.

तुमच्यातल्या कोणाला आत्ता, या दिव्यांमध्ये, गाण्यांमध्ये बसूनही गमत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त गमत नसेल, तर एक नंबर लिहून घ्या. 14416. टेली-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलतात. मोबाईल काढा, मी थांबतो. एक, चार, चार, एक, सहा. सेव्ह केला? आणि तुमच्या शेजारच्याला गमत नसेल, तर त्याला पहिल्यासारखा कधी होशीन असं विचारू नका. त्याला म्हणा, उद्या पाचला ये.

रविवारी सकाळी मी सुन्ना गेटपाशी मामाच्या टपरीवर असतो. ज्याला यायचं त्याने यावं, चहा माझ्याकडून. काही बोललंच पाहिजे असं नाही.

पडद्यामागे नाटिकेची मुलं केव्हाची रंग लावून उभी आहेत, त्यांना घाम फुटला असेल. चला, पडदा उघडा.