एकट्याची चूल आणि मधुमेह



आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीतल्या कपाटाने केले. तेव्हा गोळ्यांचे प्रमाण आम्हांला विचारू नका. आम्ही बोलणार आहोत ते चुलीविषयी.

आपल्या पारनेर तालुक्याने मुंबईच्या गिरण्यांना पुष्कळ माणसे पुरविली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीएक गावी परतले. आता मुले बाहेरगावी, कारभारीण गेलेली, घरात एकटा माणूस. अशाच एका गृहस्थांकडे आम्ही पहाटे गेलो. अंग घामाने थबथबलेले, हात कापत होते, बोलणे असंबद्ध. शेजारी म्हणाले, म्हातारा प्यायलाय. थेंबाला न शिवणारा माणूस तो! रात्रीच्या जेवणाआधीची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती. भाकरी मात्र थापली नव्हती. "एकट्यासाठी कोण तवा टाकतो?" हे त्यांचे नंतरचे शब्द.

मधुमेह म्हणजे साखर वाढणे, एवढेच आपण जाणतो. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले, की साखर घसरते. ७० च्या खाली गेली तर घाम, कंप, भोवळ. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, उतार पडताच जेवू घालावे. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करावा. एकादशी करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पांडुरंग रागावणार नाही, याची हमी आम्ही घेतो!

पण एकट्याला साखर देणार कोण? आमचे वडील लालबागच्या खानावळीत जेवत. मेंबर ताटावर आला नाही, की मावशी दुसऱ्याला विचारी, "तो कुठं आहे रे?" अशाच खानावळवाल्या बायांची प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. मावशीचा तो प्रश्न आपल्या आळीत कोण विचारतो?

त्या गृहस्थांचे आता असे ठरले आहे. शेजारच्या सूनबाई दोन्ही वेळा ताट पाठवितात. ते पीठ-भाजीचे पैसे देतात, फुकट जेवायला ते तयार नव्हते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ताटाशी बांधली. उशाशी साखरेची डबी असते. रात्री आरसा धरून तळपाय पाहतात, कारण बधिर पायाला काटा कळत नाही. आणि सात वाजेपर्यंत दार उघडले नाही, तर सूनबाईंचा धाकटा कडी वाजवतो.