फवाऱ्याच्या पंपातली वीज

आमच्या भंडारा जिल्ह्यात 'बॅटरी' म्हटले की पूर्वी चोरबत्ती समजत. रात्री बांधीत पाणी पाहायला जायचे तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात बॅटरी. आता त्याच शब्दाने दुसरी एक वस्तू डोळ्यांपुढे येते: पाठीवर घ्यायच्या फवारणी पंपाच्या तळाशी बसवलेला, अर्ध्या विटेएवढा, काळा, जड डबा. मोहाडी तालुक्यातल्या करडीकडे गेलात तर हा पंप अनेक घरांच्या छपरीत खुंटीला टांगलेला दिसेल. दिवसा तो धानावर फवारा मारतो. आणि पावसाळी रात्री गावाची वीज गेली, की त्याच्या पोटातला डबा बाहेर निघतो, त्याला दोन वायरी लागतात, आणि घरात उजेड होतो. कुणी त्यावर मोबाइल भरून घेतो, कुणी रेडिओ लावतो.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. विजेचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु एका कामासाठी घेतलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावायची, तर त्यात फायदा किती आणि तोटा किती, हा प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे. करडीच्या एका बाईंनी मला तो अगदी थोडक्यात विचारला होता: "सर, हा डब्बा रातभर पुरते का जी?"

तेवढ्याच प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

डब्यावर छापलेले असते, १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. या दोन आकड्यांचा गुणाकार करा: ९६. म्हणजे त्यात सुमारे ९६ वॅट-तास वीज साठते. कणगीत किती खंडी धान आहे हे जसे आपण मोजतो, तसेच हे माप समजा. मात्र या कणगीला एक अट आहे. पंपात बहुधा शिशाची बॅटरी असते. प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये जी तयार केली, तिचीच ही बंद डब्यातली धाकटी बहीण. तिला तळापर्यंत उपसलेले मानवत नाही. वारंवार पूर्ण रिकामी केली तर एका-दोन हंगामांतच ती निकामी होते. म्हणून निम्मीच आपली समजायची, ४८ वॅट-तास. आता ५ वॅटचा एलईडी दिवा लावला तर ९ तास चालेल. म्हणजे दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. बाईंचे उत्तर 'होय' असे झाले.

पण त्याच रात्री घरातले दोन मोबाइल भरायला लावले, तर? आजचा मोबाइल एकदा पूर्ण भरायला, वाटेतली गळती धरून, २० ते २५ वॅट-तास खातो. दोन मोबाइल झाले की आपला निम्मा वाटा संपला. दिव्याला काही उरत नाही. आणि बाजारातला लहान इन्व्हर्टर लावून छताचा ७० वॅटचा पंखा फिरवायचा कुणाच्या मनात आले, तर जेमतेम अर्धा तास वारा मिळेल. उजेड स्वस्त, वारा महाग, असा या डब्याचा हिशेब आहे.

आता खरी गोष्ट. घर उजळले, पण शेताचे काय? धानावर फवारणी करायची तर एकरी सुमारे २०० लिटर पाणी लागते. पंपाची टाकी १६ लिटरची. म्हणजे एकराला बारा-तेरा टाक्या. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर पंधरा-वीस टाक्या निघतात असे पंप विकणारे सांगतात, तेही बॅटरी नवी असताना. रात्री निम्मी वीज घराने घेतली, आणि वीज न आल्याने सकाळी ती भरता आली नाही, तर सात-आठ टाक्यांनंतर फवारा मंदावतो. तुडतुडे पडलेल्या धानात अर्धा एकर फवारलेला आणि अर्धा राहिलेला, हा काय प्रकार असतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. सकाळची वारा नसलेली वेळ निघून जाते, मजूर धुऱ्यावर बसून राहतो, आणि दुपारपर्यंत आभाळ भरून येते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ही उसनवारी आहे हे ओळखून ती करावी. दुसऱ्या दिवशी फवारणी असेल तर त्या रात्री डब्याला हात लावू नये. एरवी निम्म्यापर्यंत खुशाल वापरावा. निम्मे कसे कळणार? विजेची कामे करणाऱ्याकडे मीटर असतो, आता खेड्यातही तो सहज मिळतो. डबा तासभर नुसता ठेवून मापले, तर भरलेला १२.७ च्या आसपास दाखवतो, निम्मा १२.२ च्या आसपास. ११.८ च्या खाली गेला तर तो रिकामा समजावा आणि त्याच दिवशी भरावा. रिकामा डबा महिनाभर माळ्यावर पडला की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो, आणि मग कितीही भरा, तो भरत नाही. हंगाम संपल्यावर पंप धुऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. बॅटरी भरून ठेवणारे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरणारे कमी. दुकानदाराने फसवले असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा गुन्हेगार हा माळाच असतो.

जोडणीबद्दल थोडे. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात, डबा १२ देतो. तेव्हा मोबाइल सरळ वायरींना जोडायचा नाही. मोटारगाडीत असते तसले सॉकेट मध्ये हवे. तांबडी वायर अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. आणि अधिक टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाही, त्यामुळे लोक बेफिकीर राहतात. पण दोन टोकांवर एखादी किल्ली आडवी पडली तर ती क्षणात तापून लाल होते आणि गवताच्या छपराला तेवढे पुरे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण द्यायचे कबूल केले, ती सांगतो. हा डबा विषाच्या टाकीखाली बसतो. टाकीचे झाकण पाझरते, नळी गळते, फवाऱ्याचे तुषार मागे येतात. ते सारे या डब्यावर, त्याच्या वायरींवर आणि भरायच्या भोकाजवळ बसते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष शेतातले होते. रात्री तोच डबा आपण चुलीजवळ आणतो, त्याच्याभोवती मुले अभ्यासाला बसतात, बाई भाकरी थापता थापता दिवा सरकवते. नाकाला वास येत नाही म्हणून विष नाही असे नव्हे.

यावर तोड आहे, आणि ती फार खर्चाची नाही. याच मापाची सुटी बॅटरी बाजारात मिळते. ती घरासाठी वेगळी घ्यावी, तिच्यावर रंगाने खूण करावी, आणि ती पंपात कधीही बसवू नये. भरायचे यंत्र एकच चालेल, पण भरणे छपरीत करावे, माजघरात नव्हे. ज्यांना दुसरी घेणे जमत नाही त्यांनी हातमोजे घालून डबा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा, कोरडा करावा, तो बाहेरच ठेवावा, आणि फक्त दिव्याची लांब वायर घरात आणावी. हे शेवटले जर केले नाही, तर त्या उजेडापेक्षा अंधार बरा, असे मी स्पष्ट म्हणतो.

परदेशी राहणारी आपली मंडळी सुटीत येतात तेव्हा सांगतात की तिकडे अंगणातले गवत कापायची, कुंपण छाटायची हत्यारेही अशाच सुट्या बॅटऱ्यांवर चालतात, आणि त्या बॅटरीवर बसवायचे मोबाइलचे सॉकेट कंपन्याच विकतात. वायर नसलेले भोक पाडायचे यंत्र ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ मध्ये काढले, तिथून ही वाट सुरू झाली. आपल्याकडेही सुतार आणि गवंडी आता १८ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या वापरतात. त्यांतली ५ अँपिअर-तासांची घेतली तर हिशेब ९० वॅट-तासांचा होतो, म्हणजे आपल्या पंपाच्या डब्याएवढाच. वजन मात्र निम्म्याहूनही कमी. नव्या फवारणी पंपांतही लिथियम येऊ लागली आहे. हातात घेऊन पाहा: सव्वादोन-अडीच किलो भरली तर शिशाची, हलकी लागली तर लिथियमची. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण शिशाच्या बॅटरीचे यंत्र लावून लिथियमची भरू नये. ती पेट घेऊ शकते. शिवाय काही हत्यारांत 'आता पुरे' म्हणून वीज तोडणारी कळ बॅटरीत नसून हत्यारात असते. हत्यार काढून दिवा जोडला की अडवणारे कोणी उरत नाही, आणि बॅटरी मरेपर्यंत उपसली जाते. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तर कोणतीच बॅटरी ठेवू नये.

करडीच्या बाजूला कोक्याचे जंगल आहे; २०१३ मध्ये त्याला अभयारण्य ठरवले गेले. रानडुकरांचा त्रास तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे झटका यंत्र मिळते. ते तारेतून सेकंदाला साधारण एकदा, निमिषमात्र झटका देते. डुक्कर दचकून पळते, मरत नाही, आणि यंत्राचा खर्चही थोडा असतो. खांबावरची वीज सरळ तारेत सोडणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. तिने वाघ मेले आहेत, गुरे मेली आहेत, रात्री धुऱ्यावरून जाणारी माणसे मेली आहेत. आणि तो गुन्हा आहे. झटका यंत्रही बनावटीचे, प्रमाणित घ्यावे. घरी तारा गुंडाळून केलेले नको.

राहता राहिला मेलेला डबा. भंगारवाल्याला तो हवा असतो, कारण आत शिसे आहे. पण कित्येक ठिकाणी तो फोडून, आतले आम्ल नालीत ओतून शिसे काढतात, आणि ते पाणी पुढे बोडीत जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून मागा. दुकानदार कुरकुर करील. पण बहुधा देतो.