विरोधकांपुढे बोलताना
(उतई येथील भाषण)



आपल्या घरी मराठी, बाजारात छत्तीसगढी, कॉलेजात हिंदी आणि इंटरव्ह्यूला इंग्रजी. म्हणून इथली मुलं विचारतात, "सर, बोलायला कसं शिकायचं?" मी त्यांना बाबासाहेबांचं १७ डिसेंबर १९४६ चं भाषण वाचायला सांगतो.

संविधान सभेत नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालली होती. मुस्लिम लीग गैरहजर होती, म्हणून ठराव लांबणीवर टाका, असं बॅ. जयकरांचं म्हणणं. सभागृहाला ते रुचलं नव्हतं. अशात बाबासाहेबांचं नाव अचानक पुकारलं गेलं. आपल्याआधी वीस-बावीस जण बोलतील, असं त्यांना वाटत होतं. समोर बहुसंख्य काँग्रेसवाले, म्हणजे जुने विरोधक. आणि बाजू घ्यायची होती जयकरांची!

त्यांनी आधी सांगितलं, हा देश एक होईल याबद्दल मला शंका नाही. सभागृहाला धास्ती होती ती फुटीचीच. मग प्रश्न बदलला. अधिकाराचं बाजूला ठेवा, आज हे करणं शहाणपणाचं आहे का? यात लाळघोटेपणा नव्हता. ठरावात हक्क आहेत, पण ते डावलले गेले तर दाद कशी मागायची ते नाही, हेही त्यांनी सुनावलं. पुढे चर्चा जानेवारीवर गेली. ठराव २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत आडनाव कळल्यावर प्रश्नांचा सूरच बदलला. मी भांडून बाहेर पडलो. राग खराच होता. पण मला ते काम येतं, हे सांगायचंच राहून गेलं.